मुलामा काहीच लपवत नाही: प्लेटिंग ऑपरेटरचं काम समजून घेताना

निकेलच्या टाकीतून जिग, म्हणजे माल टांगायची चौकट, वर आली, पाणी निथळलं आणि तिसऱ्या रांगेतल्या एका जॉबवर, म्हणजे मुलामा चढवायच्या वस्तूवर, अंगठ्याचा ठसा दिसला. रेषा मोजून घ्याव्यात इतका स्वच्छ. टाकीत शिरण्याआधी तो कुणालाच दिसला नव्हता. तेव्हा तो फक्त तेलकटपणाचा एक थर होता, नजरेला पकडता येणार नाही इतका पातळ. धुऊन झालेल्या जॉबला कुणीतरी उघड्या हाताने शिवलं होतं, एवढंच. निकेलने तो स्पर्श धातूत छापून ठेवला.

आपल्या भाषेत 'मुलामा' हा शब्द बहुतेक वेळा वाईट अर्थानेच येतो. वरवरचा मुलामा, खोटेपणावर चढवलेला मुलामा. या कामात ज्यांची वर्षं गेली आहेत त्यांना हे ऐकताना खटकतं. टाकीतला मुलामा खालचं झाकत नाही. गंजाचा ठिपका, घामाचा डाग, खाचेत अडकलेली बफिंगची (चकाकी आणण्यासाठी घासायची) पेस्ट, नीट न धुतलेला साबण, सगळं वर येतं आणि चकाकीमुळे आधीपेक्षा ठळक दिसतं. चकचकीत ॲसिड कॉपर, म्हणजे ॲसिडच्या द्रावणातून चढवलेला तांब्याचा थर, बारीक ओरखडे भरून काढतो, हा एक अपवाद. पण तोही घाण भरून काढत नाही. मी बरीच वर्षं प्लेटिंगच्या लाईनवर काढली आहेत आणि नवीन आलेल्याला पहिल्या दिवशी हेच सांगतो. हे डोक्यात बसलं की ऑपरेटर दिवसभर जे काही करतो त्यातल्या प्रत्येक हालचालीचं कारण कळायला लागतं.

टाकीत नेमकं काय होतं

व्होल्टाने १८०० साली विजेचा पहिला घट जगापुढे ठेवला आणि पाचच वर्षांत, १८०५ मध्ये, ब्रुन्यातेल्ली नावाच्या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने त्याच विजेच्या जोरावर चांदीच्या पदकांवर सोनं चढवलं. पुढे १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन चुलतभावांनी सोन्याचांदीच्या प्लेटिंगचं पेटंट घेतलं आणि हा प्रयोग धंदा झाला. तत्त्व तेव्हा होतं तेच आजही आहे.

निकेलचं उदाहरण घेऊ. टाकीत निकेलचे क्षार विरघळलेलं हिरवंगार द्रावण असतं. त्यात निकेलचे अणू प्रत्येकी दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या अवस्थेत, म्हणजे आयन होऊन फिरत असतात. ज्याच्यावर थर चढवायचा तो जॉब ऋण टोकाला जोडायचा, तो कॅथोड. टायटॅनियमच्या जाळीदार टोपल्यांत निकेलचे तुकडे भरून त्या धन टोकाला लटकवायच्या, तो ॲनोड. रेक्टिफायर, म्हणजे एसी विजेची डीसी करणारं यंत्र, डायरेक्ट करंट सोडतो. आयन जॉबपाशी पोचतो, गमावलेले दोन इलेक्ट्रॉन तिथे परत मिळवतो आणि धातू होऊन चिकटून बसतो. तिकडे टोपलीतला निकेल विरघळून द्रावणात आलेली तूट भरून काढतो. म्हणजे धातू एका जागेवरून उठतो आणि दुसऱ्या जागी बसतो. द्रावण हा मधला रस्ता.

किती धातू बसेल हे मायकेल फॅरडेने १८३० च्या दशकात सांगून ठेवलंय: जितकी वीज, तितका धातू. निकेलच्या बाबतीत एक अँपिअर करंट एक तास सोडला तर जास्तीत जास्त १.०९५ ग्रॅम निकेल चढतो. दहा सेंटिमीटर लांब आणि तितक्याच रुंद, म्हणजे एक चौरस डेसिमीटर जागेवर तो पसरला तर सुमारे १२ मायक्रॉनचा थर होतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हाच हिशोब पुढे नेला तर चौरस डेसिमीटरला ४ अँपिअर देऊन २० मिनिटांत साधारण १६ मायक्रॉन मिळतात. थोडी वीज हायड्रोजन सोडण्यात खर्ची पडते, म्हणून प्रत्यक्षात जरा कमी धरायचे.

म्हणून ऑपरेटर रेक्टिफायरचा नॉब फिरवण्याआधी क्षेत्रफळ मोजतो. जिगवर ४० जॉब आहेत, प्रत्येकाची सगळ्या बाजूंची मिळून जागा अर्धा चौरस डेसिमीटर. म्हणजे २० चौरस डेसिमीटर, म्हणजे ८० अँपिअर. वाटतं तितकं अवघड नाही, पण रोज, प्रत्येक वेगळ्या मालासाठी, न चुकता करावं लागतं.

इथे माझी एक चूक सांगतो, कारण ती बऱ्याच जणांची होते. सुरुवातीच्या दिवसांत मी अँपिअर अगदी हिशोबाप्रमाणे ठेवले आणि निर्धास्त झालो. जिग बाहेर आल्या तेव्हा काही जॉबच्या कडा काळपट, खरबरीत, जळाल्यासारख्या झाल्या होत्या आणि काहींवर थर जेमतेम चढला होता. मीटर सगळा वेळ बरोबर आकडा दाखवत होता. झालं असं होतं की दोन जिगचे वरचे हूक मळलेले होते. बसबारला, म्हणजे टाकीवरच्या करंट वाहणाऱ्या दांड्याला, ते टेकलेले दिसत होते, पण त्यातून करंट नीट जात नव्हता. त्यांच्या वाट्याचा करंट बाकीच्या जिगवर गेला. मीटर बेरीज दाखवतो, वाटणी दाखवत नाही. त्या दिवसापासून मी बसबारवर जिग टांगण्याआधी हूक घासतो, टांगल्यावर जरा हलवून पाहतो, आणि रेक्टिफायरवर अँपिअरच्या जोडीने व्होल्टही बघतो. तेवढ्याच अँपिअरसाठी रोजच्यापेक्षा जास्त व्होल्ट लागत असतील तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे.

निम्म्याहून जास्त काम धुण्याचं

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की प्लेटिंग म्हणजे प्लेटिंगची टाकी. पण एखाद्या लाईनच्या एका टोकाला उभं राहून टाक्या मोजल्या तर धातू चढवणाऱ्या टाक्या थोड्या आणि धुण्याच्या, खळबळण्याच्या टाक्याच जास्त भरतील. कॉस्टिकचं गरम द्रावण तेल आणि ग्रीस सोडवतं. मग येतं विजेवरचं धुणं: जॉबला करंट दिला की त्याच्याच पृष्ठभागावर वायूचे बुडबुडे सुटतात आणि ते चिकटलेली घाण आतून ढकलून काढतात. पुढे ॲसिड गंज आणि ऑक्साइडचा थर खातं. या प्रत्येक पायरीनंतर पाणी, कधी दोनदा, कधी तीनदा. कारण कॉस्टिकचा थेंब ॲसिडमध्ये गेला की ॲसिड मरतं आणि साबण निकेलमध्ये गेला की निकेल बिघडतो.

जॉब स्वच्छ झाला की नाही हे ओळखायची एक पद्धत आहे. तिला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही, आणि तरी ती घाईत सगळ्यात आधी टाळली जाते. धुतलेला जॉब स्वच्छ पाण्यात बुडवून वर काढायचा आणि उजेडाकडे तिरका धरायचा. पृष्ठभाग खरोखर स्वच्छ असेल तर पाणी अखंड पातळ पडद्यासारखं त्यावर पसरून राहतं आणि सावकाश खाली उतरतं. कुठे तेलाचा अंश असेल तर त्या जागी पडदा फाटतो. पाणी मागे सरतं, थेंब गोळा होतात, मधे कोरडं बेट दिसतं. हे बघायला अर्ध्या मिनिटापर्यंत थांबावं लागतं. आधी पडदा सलग दिसतो आणि मग एकाएकी कोपऱ्याजवळ एक लहान भोक पडून पसरत जातं. ते भोक पुढे पोपडा होणार असतं. फक्त एक पथ्य पाळायचं: हे पाणी साबणाचं नको. साबणामुळे तेलावरही पाणी पसरतं आणि जॉब स्वच्छ असल्याचा भास होतो. म्हणून ही तपासणी सौम्य ॲसिड आणि त्यानंतरच्या स्वच्छ पाण्यानंतर करायची.

माझं प्रामाणिक मत असं की नवीन माणसाला पहिले काही दिवस फक्त इथे उभं करावं. रेक्टिफायर शिकायला फार वेळ लागत नाही. पाण्याचा पडदा वाचायला डोळा तयार व्हावा लागतो.

करंटला जवळची वाट आवडते

टाकीत करंट सगळीकडे सारखा पसरत नाही. टोकं, कडा, पुढे आलेले भाग यांच्याकडे तो धाव घेतो. खोबणी, भोकं, आतले कोपरे यांना उपाशी ठेवतो. म्हणून एकाच जॉबवर कडेला २५ मायक्रॉन आणि खाचेत ८ असं सहज होऊ शकतं. बाहेरून दोन्ही तितकेच चमकतात, पण गंज आठवाल्या जागेतून शिरतो.

ऑपरेटरच्या हातात इथे बरंच काही असतं. जॉब जिगवर कसा लावायचा, कुठली बाजू ॲनोडकडे, दोन जॉबमध्ये किती अंतर, पाणी साचेल असा वाटीसारखा भाग कुठल्या दिशेला. वाटी उपडी लावली तर आत हवा अडकते आणि तिथे धातू चढतच नाही. उताणी लावली तर प्रत्येक टाकीचं पाणी भरून पुढच्या टाकीत जातं. मग ती जराशी तिरकी लावायची. टोकं जळत असतील तर त्यांच्या शेजारी तार बांधायची, म्हणजे जादा करंट तीच खाऊन टाकते. खोल खाच असेल तर आत छोटा सहायक ॲनोड सोडतात. नट, स्क्रू, वॉशर असा बारीक माल जिगवर लावणं शक्य नसतं, तो छिद्रांच्या बॅरलमध्ये भरून फिरवत प्लेट करतात. तिथे माल एकमेकांवर घासत, आलटून पालटून वर येत राहतो, म्हणून वेळ जास्त लागतो आणि बॅरल किती भरायचा यालाच महत्त्व असतं.

प्लॅस्टिकवर धातू बसतो कसा

प्लॅस्टिक वीज वाहून नेत नाही. मग नळाचे चकचकीत नॉब, गाड्यांच्या पुढच्या जाळ्या, चिन्हं यांच्यावर क्रोम कसा चढतो? मला या सगळ्या धंद्यात हा भाग सर्वांत सुंदर वाटतो.

यासाठी बहुतेक वेळा एबीएस नावाचं प्लॅस्टिक वापरतात. ते एकजिनसी नसतं. कडक प्लॅस्टिकच्या आत ब्युटाडाइन या रबराचे अतिसूक्ष्म गोळे विखुरलेले असतात. क्रोमिक आणि सल्फ्युरिक ॲसिडच्या सुमारे ६५ ते ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या मिश्रणात जॉब काही मिनिटं ठेवला की पृष्ठभागाजवळचे रबराचे गोळे खाल्ले जातात आणि त्या जागी डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोकं उरतात. बहुतेक भोकं तोंडाशी अरुंद आणि आत रुंद. धातू या भोकांत शिरून घट्ट होतो आणि खुंटीसारखा अडकून बसतो.

पण अजून वीज जात नाहीच. म्हणून पुढच्या टाकीत पॅलेडियम या धातूचे अतिसूक्ष्म कण टिनच्या आवरणासकट पृष्ठभागावर चिकटवतात आणि त्यानंतरच्या टाकीत टिन विरघळवून पॅलेडियम उघडं करतात. आता जॉब अशा द्रावणात जातो जिथे करंट लागतच नाही. द्रावणातलंच एक रसायन इलेक्ट्रॉन पुरवतं आणि पॅलेडियमच्या कणांपाशी निकेल जमायला लागतो. एकदा सुरुवात झाली की जमलेला निकेलच पुढच्या निकेलला बोलावतो. ही विजेशिवायची निकेल प्लेटिंग ॲबनर ब्रेनर आणि ग्रेस रिडेल या दोघांनी अमेरिकेत १९४६ मध्ये मांडली. काही मिनिटांत काळसर राखाडी रंगाचा, मायक्रॉनच्याही काही दशांश जाडीचा पडदा तयार होतो. इथून पुढे प्लॅस्टिकला वीज कळते. त्यावर तांबं, तांब्यावर निकेल, निकेलवर क्रोम.

ऑपरेटरची परीक्षा पहिल्या काही मिनिटांत असते. तो पडदा इतका नाजूक की सुरुवातीलाच पूर्ण करंट दिला तर जिगचा चिमटा जिथे टेकतो तिथलाच धातू जळून जातो, संपर्क तुटतो आणि अख्खा जॉब वाया. म्हणून कमी व्होल्टवर सुरुवात करून हळूहळू वाढवायचं. दुसरं, अॅसिडमध्ये किती वेळ ठेवायचं याला दोन्हीकडून मार आहे. कमी ठेवलं तर भोकं पडत नाहीत आणि थर सालीसारखा निघतो. जास्त ठेवलं तर पृष्ठभाग इतका पोखरला जातो की वरचा थर प्लॅस्टिकचाच भुसभुशीत पापुद्रा घेऊन सुटतो.

आणि पुष्कळदा दोष प्लेटिंगच्या आधीच, मोल्डिंगमध्ये झालेला असतो. प्लॅस्टिक घाईने साच्यात भरलं, लवकर थंड केलं, तर त्यात ताण राहतो आणि रबराचे गोळे ताणून लांबट होतात. अशा जागी भोकं नीट पडत नाहीत. प्लेटिंगवाल्याने मग कितीही जीव ओतला तरी प्लॅस्टिक ज्या फाटकातून साच्यात शिरलं त्या जागेभोवती पोपडा येतोच. दोन खात्यांतली निम्मी भांडणं यावरून होतात. भांडण्यापेक्षा प्लेट न केलेले चार जॉब ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडमध्ये थोडा वेळ बुडवून धुवावेत. ताण असलेल्या जागा पांढऱ्या पडतात आणि प्रश्न मिटतो.

तांब्याचा थर तिथे का लागतो हेही समजून घेण्यासारखं आहे. गरम झाल्यावर एबीएस निकेलच्या कितीतरी पट जास्त फुगतं आणि थंडीत तितकंच आखडतं. वरचा निकेल आणि क्रोम कडक. मधे जर लवचिक तांब्याचा जाडसर थर नसेल तर उन्हाथंडीच्या फेऱ्यांत वरचा थर तडकतो.

द्रावण जिवंत असल्यासारखं सांभाळावं लागतं

निकेलची आजची बहुतेक द्रावणं ऑलिव्हर वॉट्स यांनी १९१६ मध्ये सुचवलेल्या मिश्रणाची वंशज आहेत: निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड आणि बोरिक ॲसिड. सल्फेटमधून मुख्य निकेल मिळतो, क्लोराइडमुळे ॲनोड नीट विरघळतो, बोरिक ॲसिड जॉबच्या अगदी लगतचा पीएच (आम्लता सांगणारा आकडा; तो जितका कमी तितकं द्रावण जास्त आम्ल) एकदम चढू देत नाही. तापमान साधारण ५० ते ६० अंश, पीएच ४ च्या आसपास.

पीएच रोज थोडा थोडा वर सरकतो. ॲनोड जवळजवळ पूर्ण क्षमतेने विरघळतो, पण जॉबवर थोडी वीज हायड्रोजन सोडण्यात जाते. तो हायड्रोजन द्रावणातल्या ॲसिडमधूनच येतो. म्हणून रोज मोजायचा आणि ॲसिड थोडं थोडं घालायचं. बोरिक ॲसिड कमी पडलं की कडा जळतात आणि बारीक खड्डे पडतात. खड्ड्यांचं दुसरं कारण म्हणजे जॉबला चिकटून बसलेले हायड्रोजनचे बुडबुडे. पृष्ठताण कमी करणारं रसायन संपलं की ते सुटत नाहीत.

द्रावणाची तब्येत बघायला हल सेल वापरतात. रिचर्ड हल यांनी १९३९ मध्ये ही लहानशी तिरक्या भिंतीची पेटी बनवली. तिच्यात २६७ मिलिलिटर द्रावण मावतं. आत लावलेल्या पत्र्याचं एक टोक ॲनोडजवळ, दुसरं लांब. त्यामुळे एकाच पत्र्यावर जास्त करंटपासून कमी करंटपर्यंतची सगळी अवस्था दहा मिनिटांच्या आत दिसते. जवळचं टोक जळालंय का, मधला पट्टा चमकतोय का, लांबचं टोक काळपट आहे का. निकेलमध्ये लांबचं टोक काळं पडलं तर बहुतेक द्रावणात तांबं किंवा जस्त मिसळलंय. एखादा पितळी जॉब जिगवरून निसटून टाकीच्या तळाशी पडला आणि कुणी बोललं नाही, तर हेच होतं. त्यावर उपाय म्हणजे नागमोडी पत्रा लावून अगदी कमी करंटवर टाकी तासन् तास चालवायची. कमी करंटला तांबं आधी बाहेर येतं. म्हणून जॉब पडला तर सांगणारा माणूस मला चुका न करणाऱ्यापेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

गंजाशी लढायच्या दोन तऱ्हा

लोखंडावर जस्त आणि लोखंडावर निकेल, दोन्ही गंज अडवतात, पण वेगळ्या स्वभावाने. जस्त लोखंडापेक्षा लवकर झिजतं. त्यावर ओरखडा पडून लोखंड उघडं झालं तरी आधी जस्तच गंजतं आणि लोखंडाला वाचवतं. निकेल तसं करत नाही. तो फक्त पांघरूण आहे. त्याला एक छिद्र पडलं तर त्या छिद्रातलं लोखंड उलट वेगाने गंजतं. म्हणून चांगल्या कामात निकेल दोन थरांत देतात: खाली गंधक नसलेला अर्धचमकदार, वर ब्राइटनरमुळे (चमक आणणाऱ्या रसायनामुळे) गंधक आलेला चमकदार. गंज वरच्या थरातून खाली उतरला की खालच्या थराशी अडतो आणि वरच्या थरातच आडवा पसरतो. लोखंडापर्यंत पोचायला त्याला फार वेळ लागतो. सजावटीचा क्रोम जेमतेम ०.२ ते ०.५ मायक्रॉनचा असतो. लोक ज्याला 'क्रोमची चमक' म्हणतात ती खरं तर त्याखालच्या निकेलची चमक. क्रोम तिला ओरखड्यांपासून आणि काळवंडण्यापासून सांभाळतो.

न दिसणारे धोके

ज्या क्रोमबद्दल आत्ता लिहिलं त्याच्या जुन्या पद्धतीच्या टाकीत षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे सहा इलेक्ट्रॉन गमावलेलं क्रोमियम, असतं. दिलेल्या करंटपैकी १० ते २० टक्केच तिथे क्रोम चढवण्यात जातो. उरलेला वायू सोडण्यात जातो, बुडबुडे पृष्ठभागावर फुटतात आणि क्रोमिक ॲसिडचे तुषार हवेत उडतात. हे क्रोमियम फुप्फुसाचा कर्करोग करतं हे ठामपणे सिद्ध झालंय. जुन्या काळी या टाक्यांवर काम करणाऱ्यांच्या नाकातला मधला पडदा झिजून भोक पडत असे. टाकीच्या काठाची हवा ओढून घेणारी यंत्रणा बंद असेल तर ती टाकी चालू करायची नाही, यात तडजोड नको. सजावटीच्या कामासाठी त्रिसंयुजी, म्हणजे तीनच इलेक्ट्रॉन गमावलेल्या आणि कमी घातक, क्रोमची द्रावणं उपलब्ध आहेत आणि जिथे शक्य आहे तिथे ती वापरावीत असं मला मनापासून वाटतं.

निकेलचा त्रास सावकाश येतो. हाताला खाज, पुरळ. आणि एकदा शरीराला निकेलची ॲलर्जी जडली की ती सहसा आयुष्यभर राहते. म्हणून भोक पडलेला हातमोजा म्हणजे हातमोजा नसल्यापेक्षा वाईट, कारण आत शिरलेलं द्रावण दिवसभर कातडीला लागून राहतं.

सायनाइडच्या टाक्या असतील तर एक नियम सगळ्यांच्या वर: सायनाइड आणि ॲसिड कधीच, कुठेही, गटारातसुद्धा भेटता कामा नयेत. भेटले तर हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि तो माणूस मारतो. वासावर भरवसा ठेवू नका, पुष्कळांना तो वास येतच नाही. ॲसिड पातळ करताना पाण्यात ॲसिड सावकाश ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही. विजेवरच्या धुण्याच्या टाकीतून जिग उचलण्याआधी करंट बंद, कारण फेसात हायड्रोजन आणि ऑक्सिजन साठलेले असतात आणि हूक सुटताना उडालेली एक ठिणगी पुरते.

हायड्रोजनचा आणखी एक उपद्रव जॉबच्या पोटात शिरून होतो. कडक पोलादाचे बोल्ट, स्प्रिंगा यांच्यात ॲसिडमध्ये आणि प्लेटिंगमध्ये हायड्रोजन झिरपतो. दिसायला सगळं उत्तम, मापंही बरोबर, आणि कसल्यानंतर काही तासांनी किंवा दिवसांनी बोल्ट अचानक तुटतो. यासाठी असा माल प्लेटिंगनंतर लवकर, साधारण चार तासांच्या आत, भट्टीत घालून १९० ते २२० अंशांवर कित्येक तास भाजतात. जेवणाची सुट्टी झाली, शिफ्ट बदलली, भट्टी भरलेली होती, यातलं काहीही हायड्रोजनला समजत नाही.

पाण्याचा हिशोब

जिग उचलताना तिच्याबरोबर थोडं द्रावण बाहेर येतं. समजा तासाला एक लिटर येतं आणि धुण्याच्या पाण्यात ते हजारपट पातळ व्हायला हवं. एकच टाकी असेल तर तासाला १,००० लिटर पाणी लागेल. त्याऐवजी दोन टाक्या एकापाठोपाठ ठेवल्या आणि स्वच्छ पाणी शेवटच्या टाकीतून पहिलीकडे उलटं वाहवलं तर साधारण ३२ लिटर पुरतात. तीन टाक्या केल्या तर १०. हे आदर्श स्थितीतलं गणित आहे, पण फरक केवढा आहे ते त्यातून कळतं. आणि जिग टाकीच्या वर दहा सेकंद धरून निथळू दिली तर मुळात तो एक लिटरच कमी होतो. नवीन माणसाला ही दहा सेकंदं फुकट गेल्यासारखी वाटतात. त्यांत निकेल वाचतो, पाणी वाचतं, पुढची टाकी वाचते.

निघालेलं पाणी वेगवेगळ्या वाटांनी का न्यायचं याचंही कारण आहे. क्रोमच्या पाण्यात आधी ॲसिड घालून पीएच २ ते ३ वर आणतात आणि मेटाबायसल्फाइटने षट्संयुजी क्रोम त्रिसंयुजी करतात. पिवळं पाणी हिरवं होतं. सायनाइडचं पाणी मात्र पीएच १० च्या वर ठेवूनच हायपोक्लोराइटने निकामी करावं लागतं. एकाला ॲसिड हवं, दुसऱ्याला ॲसिड म्हणजे विषारी वायू.

पोपडा आला तर तो फेकू नका

माल परत आला की आधी ब्लेडने पोपडा उचला आणि उलटा करा. खाली उघडं, स्वच्छ लोखंड दिसलं तर धुण्यात किंवा ॲसिडमध्ये कसूर झाली. निकेलच्या खाली निकेलच दिसला तर मधे करंट तुटला होता. तेवढ्या क्षणात निकेलवर एक सुस्त थर जमतो आणि त्यावर पुढचा निकेल नीट बसत नाही. बहुतेक वेळा तेव्हा कुणीतरी जिग उचलून बघितलेली असते. पोपड्याच्या पाठीला प्लॅस्टिकची पूड चिकटलेली असेल तर ॲसिडमध्ये जॉब जास्त वेळ राहिला, किंवा मोल्डिंगच कच्चं आहे. पाठ गुळगुळीत असेल तर ॲसिड कमी पडलं.

शिफ्ट बदलताना वहीत काय लिहायचं यावर मी फार आग्रही आहे. तापमान, पीएच, अँपिअर, व्होल्ट, किती ब्राइटनर घातला हे तर हवंच. पण त्याखाली दोन ओळी हाताने लिहिलेल्या हव्यात, मीटरवर न दिसणाऱ्या. उदाहरणार्थ: 'सात नंबरच्या जिगचा प्लॅस्टिकचा लेप खालच्या दोन हुकांजवळ उकललाय. क्रोमचं पिवळं पाणी आत शिरतंय आणि परत येताना निकेलमध्ये उतरतंय. जिग बाजूला काढून लाल चिंधी बांधली आहे. लावू नका.'